युरोपला जाणारं जहाज आणि कार्बनचा हिशेब: ईटीएसचं टेबल पहिल्यांदाच हाती आलेल्यांसाठी

मॅनेजर टेबलापाशी येतात, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवतात आणि म्हणतात, “आपली चार जहाजं युरोपला जातात. यापुढे ईटीएस तू बघ.” माझ्या बाबतीत हे जानेवारी २०२४ मध्ये झालं. त्याआधीची अकरा वर्षं मी इंजिनरूममध्ये काढली होती. तेलाचा हिशेब अंगवळणी होता, पण ईटीएस म्हणजे युरोपची एमिशन्स ट्रेडिंग सिस्टिम, तिच्यातले परवाने, लिलाव, रजिस्ट्री यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. नवी मुंबई आणि अंधेरीतल्या शिप मॅनेजमेंट ऑफिसांत आज बरीच मराठी मुलंमुली याच टेबलावर बसली आहेत. कुणी बोटीवरून उतरलेली, कुणी थेट कॉमर्सची पदवी घेऊन आलेली. त्यांना माझ्याइतकं चाचपडावं लागू नये, म्हणून हे लिहितोय. आमचं पहिलं पूर्ण चक्र ३० सप्टेंबर २०२५ ला संपलं.

आधी योजनेची ओळख. युरोपियन युनियनची ही उत्सर्जन व्यापार योजना २००५ पासून चालू आहे. सुरुवातीला त्यात वीजकेंद्रं आणि मोठे कारखाने होते, २०१२ पासून विमानं आली आणि १ जानेवारी २०२४ पासून जहाजं. एक परवाना, म्हणजे एक ईयूए, हा एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडण्याचा हक्क. जितके टन सोडाल तितके परवाने वर्षाअखेरच्या हिशेबात परत द्यायचे. सरकार दर ठरवत नाही. ते एकूण परवान्यांची संख्या ठरवतं आणि ती दरवर्षी कमी करत जातं. २०२४ ते २०२७ या काळात ही घट वर्षाला ४.३ टक्के आहे. दर बाजारात ठरतो. कारखान्यांना बरेच परवाने फुकट मिळत आले, जहाजांना एकही मिळत नाही.

या बाजाराचा एक जुना किस्सा लक्षात ठेवा. सुरुवातीच्या वर्षांत कोण किती धूर सोडतं याचे नीट मोजलेले आकडेच नव्हते, त्यामुळे परवाने अंदाजानं वाटले गेले आणि जास्तच वाटले गेले. २००६ च्या वसंतात तपासलेले आकडे बाहेर आले आणि दर कोसळला. २००७ मध्ये तर परवाना जवळजवळ फुकटात मिळत होता. त्याच योजनेतला दर फेब्रुवारी २०२३ मध्ये १०० युरोच्या वर गेला. मधल्या काळात कायदे बदलले, मर्यादा घट्ट झाली हे खरं, पण पाया मोजमापाचाच. म्हणून या लेखात बाजार शेवटी येईल, आधी टाकीतलं तेल.

१. जहाज यात बसतं का ते बघा

५००० ग्रॉस टनेज (जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं माप) किंवा त्याहून मोठं, माल किंवा प्रवासी वाहणारं व्यापारी जहाज युरोपियन युनियनच्या बंदरात माल किंवा प्रवासी चढवत-उतरवत असेल, तर ते यात आलं. झेंडा पनामाचा, लायबेरियाचा की भारताचा, याला काही अर्थ नाही. नॉर्वे आणि आइसलँड युनियनमध्ये नसूनही या हिशेबात येतात. ब्रिटन येत नाही. हे शेवटचं वाक्य टेबलाला चिकटवून ठेवा, कारण फेलिक्सस्टो किंवा लंडन गेटवेला जाणाऱ्या फेऱ्यांत नवखा माणूस हमखास चुकतो.

२. जबाबदार कोण, हे सहीनिशी कागदावर आणा

नियमानुसार जबाबदारी जहाजाच्या नोंदणीकृत मालकाची. आयएसएम, म्हणजे जहाजाच्या सुरक्षित व्यवस्थापनाचे नियम, सांभाळणारी मॅनेजमेंट कंपनी ती घेऊ शकते, पण त्यासाठी मालक आणि कंपनी दोघांच्या सहीचा अधिकारपत्राचा कागद लागतो. आमच्याकडच्या एका जहाजाबाबत मालकाला वाटत होतं मॅनेजर बघतोय आणि मॅनेजरला वाटत होतं मालक बघतोय. सहा आठवडे दोघंही एकमेकांना अतिशय नम्र ईमेल पाठवत होते आणि कागद कुणीच करत नव्हतं.

हा कागद झाला की पुढचं ठरतं: तुमचं काम कोणत्या देशाच्या यंत्रणेकडे. कंपनी युरोपात नोंदलेली असेल तर तोच देश. बाहेरची असेल तर मागच्या चार वर्षांत तिच्या जहाजांनी ज्या देशाच्या बंदरांना सर्वाधिक वेळा भेट दिली, तो देश. युरोपियन कमिशन याची यादी प्रसिद्ध करतं. त्यात कंपनीचं नाव आणि आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) कंपनी क्रमांक अक्षर न् अक्षर जुळतोय का ते तपासा. “प्रायव्हेट लिमिटेड” आणि “प्रा. लि.” यातल्या फरकावरूनही फाइल अडकते.

३. कागदपत्रं एकदाच जमवा

वेगवेगळ्या देशांच्या यंत्रणा थोडंफार वेगळं मागतात, तरी एवढं जवळ ठेवलंत तर निम्मी धावपळ वाचते:

– कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र, संचालकांची यादी, अंतिम मालकी कुणाची याचा तपशील
– मालक–मॅनेजर अधिकारपत्र
– खातं चालवणाऱ्या किमान दोन प्रतिनिधींचे पासपोर्ट आणि पत्त्याचे पुरावे
– त्या प्रतिनिधींचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट
– नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) केलेल्या प्रती, शिवाय जिथे मागतील तिथे अधिकृत भाषांतर
– प्रत्येक जहाजाचा मॉनिटरिंग प्लॅन, म्हणजे उत्सर्जन कसं मोजणार याचा आराखडा, तपासनिसानं तपासलेला आणि यंत्रणेनं मंजूर केलेला
– बंकर डिलिव्हरी नोट, म्हणजे बीडीएन (बंकर, म्हणजे जहाजाचं इंधन, भरल्याची पावती), इंजिन लॉगबुक, टाक्यांची साउंडिंग टेबलं (टाकीतल्या पातळीवरून तेल किती ते सांगणारी)
– चार्टर पार्टीतलं, म्हणजे जहाज भाड्यानं देण्याच्या करारातलं, ईटीएसचं कलम

अपोस्टिल हे परराष्ट्र मंत्रालयाचं काम आणि त्याला वेळ लागतो. पोलीस क्लिअरन्स जुनं झालं तर परत मागतात, म्हणून ते अगदी आधी काढून ठेवू नका. बाकी सगळी तयारी झाली की शेवटी काढा.

४. रजिस्ट्रीतलं खातं लवकर उघडा

परवाना हा कागद नसतो, ती युनियन रजिस्ट्रीतली एक नोंद असते. जहाज कंपन्यांसाठी खात्याचा वेगळा प्रकार आहे: मॅरिटाइम ऑपरेटर होल्डिंग अकाउंट. ते उघडायला आठवडे लागतात, कधी महिने. बँकेत खातं उघडण्याइतकं सोपं समजून आम्ही बसलो होतो आणि पहिला अर्ज परत आला, का तर एका पासपोर्टच्या प्रतीवर नोटरीचा शिक्का अर्धाच उमटला होता.

इतका जाच उगाच नाही. जानेवारी २०११ मध्ये चोरांनी काही देशांच्या रजिस्ट्रींमधून लाखो परवाने लांबवले. प्रागमध्ये तर रजिस्ट्रीच्या इमारतीत बॉम्ब असल्याची अफवा उठली, लोक बाहेर पळाले आणि त्याच सुमारास खाती रिकामी झाली. कमिशनला सगळे व्यवहार थांबवावे लागले. तेव्हापासून एकानं व्यवहार टाकायचा आणि दुसऱ्यानं मंजूर करायचा, अशी पद्धत आहे. तुमचा पासवर्ड किंवा फोनवर आलेला कोड कुणी “रजिस्ट्रीकडून बोलतोय” म्हणून मागितला, तर फोन ठेवून द्या.

५. टाकीतलं तेल मोजा

इथे वेळ द्या. बाकी सगळं यावर उभं आहे.

नियमात चार पद्धती दिल्या आहेत: बीडीएन आणि ठरावीक काळानं टाक्यांची मोजणी, नुसतं टाक्यांचं मोजमाप, फ्लो मीटर आणि धुराचं थेट मोजमाप. आमच्याकडे पहिली वापरतात. सुरुवातीचा साठा, अधिक भरलेलं तेल, वजा शेवटचा साठा, म्हणजे जळालेलं तेल. गणित तिसरीतलं. घोळ वेगळीकडेच आहे.

जळालेल्या तेलाला गुणक लावायचा. हेवी फ्युएल ऑइलच्या एका टनामागे ३.११४ टन कार्बन डायऑक्साइड, मरीन गॅस ऑइलच्या टनामागे ३.२०६. तेलापेक्षा धुराचं वजन तिप्पट कसं, हे माझ्या कॉमर्सच्या सहकाऱ्याला पटेना. हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो ना, म्हणून.

आता सापळे. पहिला ‘कॅपुचिनो’. बंकर देताना बार्जवाला पाइपमधून हवा मारतो, तेल फेसाळतं, साउंडिंग वर दिसतं आणि बीडीएनवर ५०० टन लिहून येतात. फेस बसल्यावर टाकीत भरतात ४९०. पूर्वी हे दहा टनांचं नुकसान असायचं. आता बीडीएन पद्धतीत न आलेले दहा टन जळाल्यासारखेच धरले जातात आणि त्यांच्यावर ३१ टनांचा कार्बनही बसतो. म्हणजे न मिळालेल्या तेलाचे पैसे दोनदा. चीफ इंजिनिअरला सांगा की बंकरच्या वेळी कमी भरलं तर लेटर ऑफ प्रोटेस्ट, म्हणजे लेखी हरकत, दिल्याशिवाय बीडीएनवर सही नाही.

दुसरा सापळा घड्याळाचा. मुंबईहून पश्चिमेकडे जाताना जहाजावरची घड्याळं मागे घेतात, त्यामुळे एका नून रिपोर्टपासून (रोज दुपारी बाराचा अहवाल) दुसऱ्यापर्यंत कधी पंचवीस तास असतात. अहवालात निघण्या-पोचण्याची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, हवी. आमच्या एका जहाजानं अर्धं वर्ष स्थानिक वेळ लिहिली होती. तपासनिसानं ते पकडलं आणि दोन शनिवार-रविवार मी लॉगबुकाची पानं उलटत बसलो.

तिसरा: ३१ डिसेंबर. जहाज भर समुद्रात असलं तरी वर्ष बदलताना यूटीसीनुसार मध्यरात्रीचा साठा नोंदवून घ्या. फेरीचं जुन्या वर्षातलं तेल जुन्या हिशेबात, नव्यातलं नव्या. हा एक आकडा राहिला तर दोन्ही वर्षांचे अहवाल लंगडे होतात.

आणि बॉयलर विसरू नका. सगळे मेन इंजिनकडेच बघतात.

६. कुठल्या फेरीचे किती टक्के

युनियनमधल्या दोन बंदरांमधला प्रवास शंभर टक्के. तिथल्या बंदरात धक्क्याला असतानाचं उत्सर्जन शंभर टक्के. युनियन आणि बाहेरचं बंदर यांमधला प्रवास पन्नास टक्के, येताना आणि जाताना दोन्ही. न्हावा शेवा ते रॉटरडॅम अर्धं, रॉटरडॅम ते हॅम्बर्ग पूर्ण, हॅम्बर्ग ते फेलिक्सस्टो अर्धं, फेलिक्सस्टो ते न्हावा शेवा शून्य.

‘बंदर’ कशाला म्हणायचं, यावर पैसे वर-खाली होतात. माल चढवला-उतरवला किंवा प्रवासी घेतले-सोडले तरच ते बंदर धरतात. फक्त तेल भरायला, खलाशी बदलायला, दुरुस्तीला किंवा वादळात आसऱ्याला थांबलात तर नाही. न्हावा शेव्याहून रॉटरडॅमला निघालेलं जहाज केपला, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, वळसा घालून वर आलं आणि वाटेत स्पेनच्या आल्हेसिरासला फक्त बंकर घेतलं, तर फेरी तुटत नाही. मी पहिल्या तिमाहीत ती तोडली होती आणि पुढचा तुकडा शंभर टक्क्यांत टाकला होता. ती चूक तशीच राहिली असती, तर मालकानं जास्तीचे पैसे भरले असते.

उलट, वाटेत जेद्दाला खरोखर माल उतरवला, तर फेरी तिथून नव्यानं सुरू होते आणि पन्नास टक्के फक्त पुढच्या तुकड्यावर लागतात. मग कंटेनर जहाजं युरोपच्या उंबरठ्यावरच माल बदलून परवाने वाचवतील, या शंकेनं कमिशननं दोन बंदरं वेगळी काढली आहेत: इजिप्तचं ईस्ट पोर्ट सैद आणि मोरोक्कोचं तांजेर मेद. कंटेनर जहाज तिथे थांबलं तरी तो थांबा धरत नाहीत, फेरी मागच्या बंदरापासूनच मोजतात.

एक उदाहरण करू. न्हावा शेवा ते रॉटरडॅम फेरीत ९०० टन हेवी फ्युएल जळालं आणि रॉटरडॅमच्या धक्क्यावर २० टन गॅस ऑइल.

प्रवास: ९०० × ३.११४ = २८०२.६ टन, त्याचे निम्मे १४०१.३.
धक्का: २० × ३.२०६ = ६४.१ टन, पूर्ण.
एकूण १४६५.४ टन.

जहाजांना सवय व्हावी म्हणून हे टप्प्याटप्प्यानं लागू केलं गेलं. २०२४ च्या उत्सर्जनाचे ४० टक्के, २०२५ च्या ७० टक्के आणि २०२६ पासून पूर्ण. म्हणजे याच फेरीला २०२४ मध्ये ५८६ परवाने लागले असते, २०२५ मध्ये १०२६ आणि २०२६ मध्ये १४६५. दर ७० युरो आणि युरो शंभर रुपये धरला, तर पूर्ण दरानं एका फेरीचे एक कोटी रुपये. मी हा आकडा फळ्यावर लिहिला, त्या दिवसापासून मॅनेजर माझे ईमेल त्याच दिवशी वाचतात.

लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून बरीच जहाजं सुएझ सोडून केपमार्गे गेली. सुएझमार्गे सहा-साडेसहा हजार सागरी मैलांचा हा प्रवास केपमार्गे दहा हजारांच्या वर जातो. जास्तीच्या मैलांना ईटीएसमध्ये माफी नाही.

२०२६ पासून मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही मोजतात. हेवी फ्युएलवर त्यानं फार फरक पडत नाही. एलएनजीवर, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूवर, चालणाऱ्या जहाजांना मात्र पडतो, कारण काही इंजिनांत थोडा गॅस न जळताच धुराड्यातून निसटतो आणि मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट तापदायक आहे.

७. तपासनीस आणि ३१ मार्च

मान्यताप्राप्त तपासनीस तुमचे आकडे तपासतो. बहुधा एखाद्या क्लासिफिकेशन सोसायटीचीच (जहाजांचा दर्जा तपासणारी संस्था) शाखा हे काम करते. अहवाल थेटिस-एमआरव्ही या प्रणालीत भरायचा, ३१ मार्चपर्यंत. जहाजाचा अहवाल वेगळा आणि सगळ्या जहाजांची बेरीज केलेला कंपनीचा अहवाल वेगळा. दोन्ही तपासून घ्यायचे असतात आणि दुसरा लोक विसरतात. वर्षाच्या मध्येच जहाज विकलं किंवा मॅनेजर बदलला, तर त्या तुकड्याचा अहवाल तीन महिन्यांच्या आत. ३० जूनपासून जहाजावर अनुपालनाचा दाखला असला पाहिजे, बंदरातले निरीक्षक तो मागतात.

तपासनिसाला मार्चमध्ये गाठू नका, तेव्हा सगळं जग त्याच्या दारात असतं. आम्ही आता दर तिमाहीचे आकडे पाठवून ठेवतो.

८. पैसे कुणाचे

परवाने द्यायची जबाबदारी तुमची, पण टाइम चार्टरमध्ये, म्हणजे जहाज ठरावीक काळासाठी भाड्यानं दिलेलं असताना, तेल चार्टरर, म्हणजे भाड्यानं घेणारा, घेतो आणि वेगही तोच ठरवतो. म्हणून त्याच्याकडून भरपाई मागण्याचा हक्क कायद्यातच दिला आहे. कसं मागायचं ते मात्र करारात लिहावं लागतं. बिम्को या जहाज व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची तयार कलमं आहेत, त्यांपासून सुरुवात करा. तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: परवाने द्यायचे की रोख, दर महिन्याला की वर्षाअखेरीस, आणि ऑफ-हायरच्या, म्हणजे जहाज बंद पडून भाडं न मिळणाऱ्या, दिवसांचा कार्बन कुणाचा. तो साधारणपणे मालकाच्या माथी येतो.

शक्यतो परवानेच मागा. एका करारात आम्ही रोख घेतली, त्या महिन्याच्या दरानं. परवाने घ्यायची वेळ आली तोवर दर चढला होता आणि फरक कुणी द्यायचा यावर करारात एक शब्द नव्हता.

९. खरेदी

परवान्यांचे सरकारी लिलाव लाइपझिगच्या ईईएक्स बाजारात होतात. फ्युचर्सचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांचा, मोठा व्यवहार आयसीई या बाजारात चालतो, तिथला एक सौदा १००० परवान्यांचा. चार जहाजांच्या कंपनीला यांपैकी कुठेच थेट जायची गरज नाही, बँक किंवा ब्रोकर पुरतो. किमान दोघांकडून भाव घ्या, कमिशन वेगळं लिहून मागा आणि परवाने तुमच्या खात्यात दिसल्याशिवाय व्यवहार झाला असं समजू नका. सगळे एकाच दिवशी घेण्यापेक्षा दर महिन्याच्या उत्सर्जनाइतके घेत गेलात तर झोप बरी लागते. दर कुठे जाईल हे छातीठोकपणे सांगणारे मला बरेच भेटले, दोनदा बरोबर आलेला एकही नाही.

खरेदीतला मोठा सापळा म्हणजे चुकीचा माल. ब्रिटनचे परवाने इथे चालत नाहीत. भारताच्या कार्बन क्रेडिट योजनेची प्रमाणपत्रंही नाहीत. झाडं लावून मिळालेली स्वेच्छा क्रेडिट्स तर नाहीतच. मला एका गृहस्थांनी वृक्षलागवडीची क्रेडिट्स “ईटीएससाठीच” म्हणून निम्म्या दरात देऊ केली होती. झाडं छान असतील, पण रजिस्ट्रीत त्यांना जागा नाही.

जानेवारी २०२५ पासून लागू झालेला फ्युएलईयू हा, जहाजाच्या इंधनाचा कार्बन कमी करायला लावणारा, तर निराळाच कायदा आहे. तेलाचे आकडे तेच, हिशेब वेगळा, दंड वेगळा. दोन्हींची फाइल एक करू नका.

१०. ३० सप्टेंबर

या दिवसापर्यंत मागच्या वर्षाचे परवाने सरेंडर करायचे, म्हणजे परत द्यायचे. चुकलात तर कमी पडलेल्या प्रत्येक टनाला १०० युरो दंड, तोही महागाईनुसार वाढवलेला. आणि दंड भरला म्हणून परवाने माफ होत नाहीत, तेही द्यावेच लागतात. वर कंपनीचं नाव जाहीर करतात. सलग दोन किंवा अधिक वर्षं चुकलात तर कंपनीच्या सगळ्याच जहाजांना युरोपच्या बंदरांत येण्याची बंदी होऊ शकते.

व्यवहाराला दोन माणसं लागतात हे वर सांगितलंच. आता सप्टेंबर डोळ्यांपुढे आणा. आमचा दुसरा प्रतिनिधी गणपतीला गावी गेला आणि ज्या फोनवर मंजुरीचा कोड येतो, तो फोन राजापूरजवळच्या त्याच्या वाडीत, रेंजच्या बाहेर. २०२६ ला गणपती १४ सप्टेंबरला बसतायत. त्याआधी सरेंडर करून मोकळे व्हा किंवा तिसरा प्रतिनिधी नेमून ठेवा.

सरेंडर केल्यावर खात्यातली अनुपालनाची स्थिती बघा, ती एका अक्षरात असते. ‘ए’ म्हणजे पुरेसे परवाने दिले. ‘बी’ म्हणजे कमी पडले. ‘सी’ म्हणजे तुमचं तपासलेलं उत्सर्जनच रजिस्ट्रीत चढलेलं नाही. तेव्हा परवाने कितीही असोत, तपासनिसाला आणि त्या देशाच्या यंत्रणेला त्याच दिवशी लिहा. ‘ए’ दिसला की स्क्रीनचा फोटो घ्या, तारखेसकट, आणि मालकाला पाठवा. तो तुमच्या आधी मागणारच आहे.